तीन कोपेकांचा विद्यार्थी
मॉस्कोच्या जुन्या पेठेत एक दिवस

मॉस्कोला जाऊन आलो असे सांगितले की समोरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "लाल चौक पाहिला का?" पाहिला. फोटोही काढले. पण त्या चौकाला लागून जी जुनी पेठ आहे, तिथे आम्ही सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत पायी हिंडलो, आणि तोच दिवस आमच्या मनात घर करून राहिला आहे. वाचक बंधू-भगिनींना त्या दिवसाचीच हकिगत सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा पुतण्या मॉस्कोपासून काही तासांच्या अंतरावर असलेल्या एका शहरात वैद्यकीचे शिक्षण घेत आहे. घराण्यातला तो पहिला डॉक्टर होणार. त्याला भेटावे, जमल्यास चार दिवस देश पाहावा, म्हणून २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस आम्ही पतीपत्नी निघालो. आम्ही कचेरीत कारकुनी करणारी माणसे. पतपेढीचे कर्ज आणि साठवलेली रजा, एवढेच आमचे भांडवल. पुतण्याला चार सुट्ट्या होत्या आणि रशियन भाषा त्याला कामापुरती येऊ लागली होती. तोच आमचा वाटाड्या झाला.

नावात चीन, गावात नाही

या पेठेचे नाव किताय-गोरोद. आजच्या रशियन भाषेत 'किताय' म्हणजे चीन आणि 'गोरोद' म्हणजे शहर. त्यामुळे इथे चिनी लोकांची वस्ती असेल अशी आमची समजूत झाली होती. तसे काही नाही. जुन्या रशियनमध्ये 'किता' म्हणजे काठ्यांची किंवा वाशांची जुडी. तटबंदी बांधताना अशा जुड्या वापरीत, त्यावरून हे नाव पडले असावे असे बरेच अभ्यासक मानतात.

क्रेमलिन म्हणजे राजाचा किल्ला. त्याच्या पूर्वेला व्यापारी आणि कारागीर यांची वस्ती वाढली. तिच्याभोवती १५३५ ते १५३८ या काळात पेत्रोक माली नावाच्या इटालियन स्थापत्यकाराने विटांची भिंत उभारली. पुढे शहर वाढले, मोटारी आल्या, आणि १९३४ पर्यंत त्या भिंतीचा बहुतेक भाग पाडला गेला. आज दोन-तीन ठिकाणी तिचे तुकडे उभे आहेत. आम्ही पाहिला तो तुकडा 'प्लोश्चाद रेव्होल्यूत्सी' म्हणजे क्रांती चौक या भुयारी रेल्वेच्या स्थानकाजवळ आहे.

हे स्थानकही पाहण्यासारखे आहे. ते १९३८ साली सुरू झाले. मात्वेई मानिझेर या शिल्पकाराने घडवलेले ७६ ब्राँझचे पुतळे तिथल्या कमानींखाली बसलेले आहेत. राजे नाहीत, देव नाहीत. शेतकरी, सैनिक, खेळाडू, पुस्तक वाचणारी विद्यार्थिनी, मुलाला घेतलेली आई, अशी साधी माणसे आहेत. सीमेवरच्या जवानाजवळ एक कुत्रा आहे. त्याच्या नाकाला हात लावला की काम फत्ते होते, परीक्षा सुटते, असा तिथल्या लोकांचा समज. हजारो हात लागून ते नाक सोन्यासारखे चकाकते. शिकलेल्या देशातही असले चालते, हे पाहून आम्हाला हसू आले. पुतण्या म्हणाला, "काका, मी दोन वेळा हात लावला. एकदा पास झालो, एकदा नापास. म्हणजे अभ्यासच करावा लागतो!"

लाल चौकातली दंतकथा

स्थानकातून बाहेर पडून आम्ही पुनरुत्थान दरवाजातून लाल चौकात शिरलो. हा जोड-कमानींचा दरवाजा १९३१ साली पाडला होता. १९९५ साली तो जुन्या नमुन्याप्रमाणे पुन्हा बांधला. समोर रंगीबेरंगी घुमटांचे सेंट बेसिलचे प्रार्थनामंदिर दिसते. कझान शहर जिंकल्याच्या आठवणीसाठी चौथ्या इव्हान राजाने ते १५५५ ते १५६१ या काळात बांधवून घेतले. असे मंदिर पुन्हा कुठे बांधले जाऊ नये म्हणून राजाने कारागिरांचे डोळे काढले, ही गोष्ट तिथला प्रत्येक वाटाड्या सांगतो. इतिहासात तिला आधार नाही. मात्र राजाच्या लहरीपुढे कारागिराची किंमत काय होती, हे लोकांना पक्के ठाऊक असल्याशिवाय अशी गोष्ट चार शतके टिकत नाही, असे आम्हाला वाटते.

याच चौकाच्या उत्तर टोकाला लाल विटांचे इतिहास संग्रहालय आहे. बहुतेक प्रवासी त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात व पुढे जातात. ज्या जागेवर ते उभे आहे, त्या जागी पूर्वी औषधशाळेची इमारत होती. त्या इमारतीत १७५५ साली मॉस्को विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले. या विद्यापीठाची कल्पना ज्याने मांडली, त्या मिखाईल लोमोनोसोव्हची खरी गोष्ट इथून चार पावलांवर, निकोल्स्काया रस्त्यावर सुरू होते.

जन्म लपवणारा विद्यार्थी

लाल चौकातून पूर्वेकडे तीन जुने रस्ते निघतात. निकोल्स्काया, इल्यिन्का आणि वारवार्का. निकोल्स्काया २०१३ पासून फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. डोक्यावर दिव्यांच्या माळा, दोन्ही बाजूंना उंची दुकाने. त्या झगमगाटात डाव्या हाताला एका मठाचे आवार लागते. झाइकोनोस्पास्की मठ. इथे १६८७ साली स्लाव-ग्रीक-लॅटिन अकादमी सुरू झाली. रशियातल्या उच्च शिक्षणाच्या पहिल्या संस्थांपैकी ती एक.

सुरुवातीला या अकादमीत निरनिराळ्या थरांतली मुले शिकत होती. पुढे धर्मसत्तेने दार लावून घेतले. १७२८ च्या हुकमाने शेतकऱ्यांच्या मुलांना तिथे घ्यायचे नाही असे ठरले. याचे कारण उघड आहे. शेतकऱ्याचा मुलगा शिकला तर शेत कोण करील, कर कोण भरील आणि वेठीला कोण येईल?

अशा वेळी दूर उत्तरेकडच्या खोल्मोगोरी भागातला, मासेमारी करणाऱ्या शेतकऱ्याचा एक मुलगा १७३० च्या डिसेंबरात घरातून निघाला. गोठवलेल्या माशांच्या गाड्यांचा तांडा मॉस्कोला चालला होता. त्या तांड्याबरोबर ऐन हिवाळ्यात हजार किलोमीटरहून जास्त वाट तुडवून तो १७३१ च्या जानेवारीत इथे पोहोचला. वय १९. त्याने अकादमीत नाव घातले आणि बापाचे नाव विचारल्यावर खोटे सांगितले. आपण खोल्मोगोरीच्या एका सरदार माणसाचा मुलगा आहोत, असे त्याने सांगितले. खरे सांगितले असते तर नियमाने दार बंद होते.

प्रवेश मिळाला. पण पुढे काय? अकादमीचा भत्ता होता दिवसाला तीन कोपेक. त्यातला अर्धा कोपेक पावाला, अर्धा कोपेक क्वासला. उरलेल्यात कागद, जोडे आणि बाकी सगळे. क्वास म्हणजे काळ्या पावापासून आंबवून केलेले गरिबाचे पेय. वर्गातली बाकीची मुले लहान होती. वीस वर्षांचा घोडा लॅटिन शिकायला आला आहे म्हणून ती बोटे दाखवून हसत. हे सगळे त्याने स्वतःच पुढे एका पत्रात लिहून ठेवले आहे. अशी पाच वर्षे काढली, पण शिकणे सोडले नाही.

१७३४ साली एका मोहिमेवर पाद्री म्हणून जाण्याची संधी आली, तेव्हा त्याने आपण पाद्र्याचा मुलगा असल्याचे सांगितले. चौकशी होणार असे दिसताच त्याला कबूल करावे लागले की आपण शेतकऱ्याचाच मुलगा आहोत. मोहीम हुकली. पण अकादमीने त्याला हाकलले नाही, कारण तोपर्यंत त्याची बुद्धी सर्वांना दिसली होती. पुढे त्याला सेंट पीटर्सबर्गला आणि तिथून जर्मनीला शिकायला पाठवण्यात आले. १७४५ साली तो विज्ञान अकादमीत रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. १७६१ साली शुक्र ग्रह सूर्यबिंबावरून सरकताना पाहून त्या ग्रहाला वातावरण आहे, हा निष्कर्ष त्याने काढला. रशियन भाषेचे व्याकरण लिहिले. आणि १७५५ साली विद्यापीठ उभे राहिले. आज ते त्याच्याच नावाने ओळखले जाते.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या विद्यापीठात सरदार घराण्याबाहेरच्या मुलांना प्रवेश होता. मात्र जमीनदाराच्या मालकीचा भूदास मालकाने मुक्त केल्याशिवाय येऊ शकत नव्हता. विद्यापीठाला जोडलेली शाळासुद्धा दोन भागांत होती. सरदारांच्या मुलांची वेगळी, बाकीच्यांची वेगळी. म्हणजे एका माणसाने दार ढकलून थोडे उघडले, पण उंबरठा तसाच राहिला. भूदासांची गुलामगिरी कायद्याने संपायला १८६१ साल उजाडावे लागले.

त्या आवारात आम्ही बराच वेळ उभे होतो. खोटे बोलणे वाईट, हे आपण मुलांना शिकवतो. पण तिथे उभे राहून आम्हाला त्या मुलाचा दोष दिसेना. जन्म विचारून दार लावणारा नियम आधी आला, मुलाचे खोटे बोलणे नंतर आले. लाज कुणाला वाटायला हवी होती, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

पहिला छापखाना

त्याच रस्त्याने थोडे पुढे गेले की जुन्या छापखान्याची इमारत लागते. तिच्या दर्शनी भागावर सिंह आणि एकशिंगी घोडा कोरलेले आहेत. ही इमारत एकोणिसाव्या शतकातली. पण याच ठिकाणच्या छापखान्यातून इव्हान फ्योदोरोव्ह आणि त्याचा साथीदार प्योत्र म्स्तिस्लावेत्स यांनी १५६४ साली रशियातले पहिले तारीखवार छापील पुस्तक बाहेर काढले. ते धार्मिक पुस्तक होते. तरीसुद्धा त्यांना त्रास झाला. पाखंडाचे आरोप झाले आणि दोघांनाही मॉस्को सोडून जावे लागले. फ्योदोरोव्हने पुढे परमुलखात छपाई चालू ठेवली आणि १५८३ साली ल्विव्ह शहरात त्याचा अंत झाला.

ज्या गावाने त्याला राहू दिले नाही, त्याच गावाने १९०९ साली त्याचा पुतळा उभारला. तो छापखान्यापासून जवळच आहे. हातात नुकताच छापलेला कागद धरून फ्योदोरोव्ह तो तपासत उभा आहे. रात्री जागून साप्ताहिकाची प्रुफे वाचणाऱ्या कार्यकर्त्यांची आम्हाला आठवण झाली.

याच पेठेतल्या व्यापाऱ्यांवरून आणखी एक नाव आठवले. अफानासी निकितिन. पंधराव्या शतकात हा रशियन व्यापारी आपल्या कोकणात चौल बंदरात उतरला. तिथून जुन्नरला गेला, पावसाळा तिथे काढला आणि पाहिलेले सगळे लिहून ठेवले. परतताना घरी पोहोचण्याआधीच तो वारला. त्याची टिपणे व्यापाऱ्यांनी १४७५ साली मॉस्कोला आणून वासिली मामिरेव्ह नावाच्या राजाच्या चिटणिसाकडे दिली. त्या चिटणिसाने ती जपली, म्हणून त्या काळातल्या महाराष्ट्राबद्दलची एक साक्ष जगाला मिळाली. कारकुनाने एखादा कागद नीट ठेवला तर काय होते, याचे हे उदाहरण आम्ही आमच्या कचेरीत आवर्जून सांगणार आहोत.

जेवणाच्या टेबलावर

दुपारी भूक लागली. लाल चौकाला लागून 'गुम' नावाचे मोठे व्यापारसंकुल आहे. १८९०-९३ मधली इमारत, वर काचेचे छत. दुकानांतल्या वस्तूंकडे आम्ही फक्त पाहिले. पण तिसऱ्या मजल्यावर 'स्टोलोवाया क्रमांक ५७' नावाचे जुन्या सोव्हिएत वळणाचे उपाहारगृह आहे. ताट घ्यायचे, हवे ते उचलायचे, शेवटी पैसे द्यायचे. आम्ही बीटाचे सूप, काळा पाव आणि उकडलेला कुट्टू घेतला. सकाळी लोमोनोसोव्हची गोष्ट ऐकलेली, म्हणून एक ग्लास क्वासही घेतला. चव थेट आपल्या ज्वारीच्या आंबिलीच्या वळणाची, थोडी गोडसर. लहान मुलेही ते पितात. तरी आंबवलेले आहे म्हटल्यावर आमच्या सहचारिणीने एक घोट घेऊन ग्लास आमच्याकडे सरकवला.

पुतण्या मात्र मठाच्या आवारातून निघाल्यापासून गप्प होता. सूप निवत चालले होते. काकूने विचारले, "बरं वाटत नाही का रे?"

थोड्या वेळाने तो बोलू लागला. पहिल्या वर्षी वसतिगृहात त्याच्या खोलीवर आपल्याच राज्यातली दोन मुले होती. पहिल्याच रात्री त्यांनी नाव विचारले. त्याने नाव सांगितले, वडिलांचे नाव सांगितले. "आणि आडनाव?" याने विषय बदलला. दुसऱ्या दिवशी ती मुले वर्गात गेल्यावर त्याने टेबलावर ठेवलेला बाबासाहेबांचा फोटो उचलून पेटीत, कपड्यांच्या खाली ठेवला. तो अजून तिथेच आहे.

"रशियन पोरं काही विचारत नाहीत, काका. त्यांना आपण सगळे इंडियनच. आपलेच लोक विचारतात. इतक्या लांब येऊनसुद्धा." एवढे बोलून तो खाली मान घालून पाव मोडीत बसला.

आम्ही समाजात भाषणे करणारे. कार्यक्रमात 'स्वाभिमानाने जगा' म्हणून टाळ्या घेणारे. त्या क्षणी आम्हाला एकही वाक्य सुचले नाही. काकूने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "फोटो पेटीत ठेवलास, फेकला तर नाहीस ना? मग झालं. आधी जेव." आमच्या सगळ्या भाषणांपेक्षा ते बरे होते.

वारवार्का आणि एक आवार

जेवून आम्ही वारवार्का रस्त्यावर आलो. हा रस्ता उंचावर आहे आणि खाली मॉस्क्वा नदीपर्यंत उतार आहे. रस्त्याच्या कडेला छोटी छोटी जुनी प्रार्थनामंदिरे ओळीने उभी आहेत. त्यांच्यात एक पांढरी, उंच छपराची दगडी इमारत आहे. तिला जुना इंग्लिश वाडा म्हणतात. चौथ्या इव्हानने १५५६ साली ती इंग्रज व्यापाऱ्यांना राहायला दिली. आपल्याकडे आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीचा जन्मही तेव्हा व्हायचा होता. परक्या देशातून आलेल्या व्यापाऱ्यांना राजाने वाडा दिला, मान दिला. १६४९ साली इंग्रजांनी स्वतःच्या राजाचे मुंडके उडवले, तेव्हा रशियाच्या राजाने संतापून त्यांना मॉस्कोतून घालवले. आज तिथे संग्रहालय आहे.

या वाड्याच्या खाली नदीकडे जो भाग आहे, त्याला झार्याद्ये म्हणतात. म्हणजे बाजाराच्या रांगांमागचा भाग. एके काळी ही गरीब कारागिरांची दाट वस्ती होती. इथेच ग्लेबोव्हचे आवार नावाची जागा होती. रशियन साम्राज्यात ज्यू लोकांना मॉस्कोत कायम राहण्यास बंदी होती. व्यापारासाठी आलेल्या ज्यू माणसाला काही दिवसांची परवानगी मिळे. पण १८२६ पासून त्याने शहरात कुठेही उतरायचे नाही, फक्त याच आवारात उतरायचे, असा नियम होता. एकच जागा, दुसरीकडे जायची सोय नाही, त्यामुळे भाडेही चढे. हा नियम १८५६ साली उठला. पण त्यानंतरही १८९१-९२ मध्ये हजारो ज्यू कुटुंबांना मॉस्कोतून बाहेर काढण्यात आले.

एकाच पेठेत हे दोन नियम. परक्या इंग्रजाला वाडा, स्वतःच्याच साम्राज्यातल्या ज्यूला कोंडवाडा.

तिथे उभे असताना आम्ही पुतण्याला आमची गोष्ट सांगितली. आजवर ती आम्ही कुणाला सांगितली नव्हती. बी.कॉम. होऊन नोकरी लागली, तेव्हा आम्ही शहरात भाड्याची खोली शोधत होतो. एका घरी सगळे ठरले. भाडे ठरले, अनामत ठरली. उठताना मालकांनी आडनाव विचारले. आम्ही सांगितले. मालक आत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "खोली भावाच्या मुलाला द्यायची आहे, विसरलोच होतो." अशी तीन घरे झाली. चौथ्या घरी आम्ही आडनाव न सांगता गावाचे नाव पुढे लावून सांगितले. खोली मिळाली. तिथे दोन वर्षे राहिलो आणि दोन्ही वर्षे दारावर पाटी लावली नाही. चौदा एप्रिलला नवे कपडे घालून गुपचूप जिना उतरायचो.

पुतण्या आमच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "काका, तुम्ही पण?"

होय, आम्ही पण. लोमोनोसोव्हही तसाच. घाबरलेला माणूस लहान नसतो. त्याला घाबरवणारी व्यवस्था लहान असते. मात्र पाटी लावायचा दिवस कधीतरी आलाच पाहिजे. आमचा आला, तो स्वतःचे घर घेतल्यावर. पाटीवर पूर्ण नाव आहे आणि अक्षरे मुद्दाम मोठी आहेत.

झार्याद्येची ती जुनी वस्ती आता उरलेली नाही. विसाव्या शतकात तिच्यातला मोठा भाग पाडून तिथे एक उत्तुंग इमारत उठवायची होती. स्टॅलिनच्या मृत्यूनंतर ते काम थांबले. १९६७ साली तिथे 'रोसिया' नावाचे प्रचंड हॉटेल उभे राहिले. २००६ साली ते बंद झाले, मग पाडले. २०१७ च्या सप्टेंबरात त्या जागी सुमारे दहा हेक्टरांचे उद्यान खुले झाले. उद्यानातून एक पूल निघतो, तो नदीवर सुमारे ७० मीटर पुढे जातो आणि पलीकडे न जाता परत वळतो. मध्ये खांब नाही. त्या पुलावरून क्रेमलिन, घुमट आणि नदी एका नजरेत येतात. दृश्य खरोखर सुंदर आहे. तिथे नवी जोडपी फोटो काढत होती, मुले पळत होती. त्यांच्या पायाखाली एके काळी कोण राहत होते, हे ठाऊक असलेला माणूस तिथे जरा हळू चालतो, इतकेच.

अण्णा भाऊंच्या भेटीला

उद्यानातून नदीच्या काठाकाठाने पूर्वेकडे चालत गेले की याउझा नावाची छोटी नदी मॉस्क्वाला मिळते. संगमावर १९५२ साली पुरी झालेली टोलेजंग इमारत आहे. तिच्याजवळच विदेशी साहित्याचे राज्य ग्रंथालय आहे. स्थापना १९२२. मार्गारिता रुदोमिनो या बाईंनी ते उभे केले आणि आज त्यांचेच नाव ग्रंथालयाला आहे. जुन्या पेठेच्या भिंतीबाहेर, वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीवर. पाय दुखत होते, पण इथे गेल्याशिवाय परतायचे नाही असे आम्ही मुंबईहूनच ठरवून निघालो होतो.

या ग्रंथालयात १४ सप्टेंबर २०२२ रोजी लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा, दीड दिवस शाळेत गेलेला मुलगा. मास्तरांच्या वागण्याने शाळा सुटली ती सुटलीच. पुढे मुंबईच्या रस्त्यांवर, गिरणीत आणि कामगारांत अक्षरे गिरवून त्यांनी 'फकिरा' लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली ते रशियाला आले आणि परतल्यावर 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक लिहिले. जातीच्या गावगाड्याने ज्याला फळ्यासमोर बसू दिले नाही, तो आज परक्या देशातल्या ग्रंथालयात, पुस्तकांच्या सान्निध्यात आहे.

सकाळी पाहिलेला तीन कोपेकांचा विद्यार्थी आणि संध्याकाळी भेटलेले दीड दिवसाच्या शाळेचे अण्णा भाऊ. दोघांमध्ये दोन शतके आणि हजारो मैल. एकाला दार उघडण्यासाठी जन्म लपवावा लागला. दुसऱ्याने जन्म लपवला नाही, त्याच जन्माची माणसे पुस्तकात आणून बसवली.

पुतण्या पुतळ्याजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, फोटो काढ." मग तो फोटो त्याने वसतिगृहातल्या मुलांना पाठवला. खाली लिहिले, 'आमचे अण्णा भाऊ.' त्याखाली स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. थोड्या वेळाने त्यांच्यातल्या एकाने विचारले, 'कोण हे?' परतीच्या गाडीत तासभर तो मोबाईलवर उत्तर लिहीत होता. आम्ही मध्ये बोललो नाही.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

भारतीयांना ऑगस्ट २०२३ पासून रशियाचा इलेक्ट्रॉनिक व्हिसा मिळू लागला. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर आपल्याकडची व्हिसा व मास्टरकार्डची कार्डे तिथे बंद झाली. आम्ही रोख डॉलर नेऊन तिथे रूबल करून घेतले. निघण्यापूर्वी दोन्ही बाबींची आणि सुरक्षिततेबाबतच्या सरकारी सूचनांची ताजी माहिती घ्यावी. पेठ पाहायला वाहन लागत नाही, चांगले जोडे लागतात. क्रांती चौक स्थानकापासून सुरुवात करावी आणि किताय-गोरोद स्थानकापाशी शेवट करावा. सप्टेंबरअखेर स्वेटर आणि छत्री दोन्ही हवीत. रशियन अक्षरे दोन दिवस आधी शिकून घेतली तर स्थानकांची नावे वाचता येतात आणि निम्मी भीती जाते.

आणि मुलांना बरोबर न्यावे. जमत नसेल तर निदान त्या तीन कोपेकांची गोष्ट त्यांना सांगावी. ती सांगताना आपली स्वतःची, कुणाला न सांगितलेली गोष्टही सांगून टाकावी. पुतण्याला आमची गोष्ट कळायला वीस वर्षे आणि मॉस्कोपर्यंतचा प्रवास लागला. ती घरातच, जेवायला बसल्यावर सांगता आली असती.